धनुष्य ताणायची फळी

बाबा, मी एक फळी बनवली. आठ दिवस झाले त्याला. सिंदी मेघेच्या घरामागं टिनाचं शेड आहे, तिथं ती सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवलीय. लाकूड तुमचंच. दाराच्या चौकटीसाठी म्हणून जपून ठेवलेली आणि शेवटपर्यंत कोणाला हात लावू न दिलेली ती सागाची जाड फळी. गावच्या घरून आणताना माय दोनदा बजावून म्हणाली, "नेजो, पण तोडूनमोडून टाकू नको." बोलले असते तर मीही तुमच्याशी तिच्यासारखंच बोलले असते, पण लिहायला बसलं की हात शाळेच्या भाषेत चालतो. चालवून घ्या.

फळीच्या एका टोकाला लाकडाचा खुंट बसवला आणि त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. धनुष्याची मूठ त्या खुंटाला अडकते. दुसऱ्या टोकाला हातानं फिरवायचा विंच आहे, जाम गावच्या चौकात ट्रकचं जुनं सामान विकतात तिथून आणलेला. हँडल फिरवलं की पट्टा गुंडाळत जातो, पट्ट्याच्या हुकात दोरी, आणि धनुष्य इंचाइंचानं ताणलं जातं. हँडल सोडलं तरी ते जिथल्या तिथं थांबतं. यात काय मोठं केलं, म्हणाल तुम्ही. पण मी आता पोरांना तिरंदाजी शिकवते ना, त्यांची धनुष्यं दोन्ही टोकांना चाकं असलेली, कंपाउंड. दोन्ही चाकं एकाच वेळी फिरून एकाच वेळी थांबली पाहिजेत, नाहीतर बाणाचा भरवसा नाही. आणि गंमत अशी की जो ताणतो त्यालाच ती चाकं दिसत नाहीत. त्याची नजर निशाण्यावर, हात थरथरतात. फळीवर धनुष्य ताणून ठेवलं की माणूस भोवती फिरून, वाकून, डोळे फाडून बघू शकतो.

पहिला खुंट विंचाच्या दुसऱ्याच फेऱ्यात उभा चिरला. लाकडाची रेषा न बघताच मी स्क्रू मारला होता. नशीब, धनुष्याऐवजी नुसता दोर बांधून ओढत होते, नाहीतर थोबाड फुटलं असतं. आणि लगेच कानात तुमचा आवाज: "रेषा पाह्य ना बाई, रेषा! लाकूड सांगून राह्यलं कुठं फाटीन ते, अन् तू ऐकूनच नाई राह्यली." मी एकटीच शेडमध्ये मोठ्यानं म्हणाले, हो, हो, समजलं. दुसरा खुंट बाभळीचा केला, रेषा बघून. तो टिकला.

तुमची धनुष्यं बांबूची. आज्याकडून शिकलेली. आज्याशी तुम्ही गोंडीत बोलायचे, आमच्याशी कधी बोलले नाही, त्याचा राग मला अजून आहे, पण तो वेगळा. आष्टीकडच्या गावागावांतले शेत राखणारे तुमच्याकडे धनुष्य मागायला यायचे. प्रत्येकाला देताना एकच अट असायची की दिवस मावळल्यावर चढवलेलं धनुष्य घरात ठेवायचं नाही. स्वतः तर तुम्ही रानातून आले की आधी पाणीसुद्धा प्यायचे नाही. पायाला टेकवून धनुष्य वाकवायचं, एका टोकाची दोरी काढायची, मग त्याला चुलीवरच्या दांडीला धुरात टांगायचं, मग पाणी. माय भाकरी थापता थापता डोकं वाकवून बाजूला व्हायची. मी विचारलं होतं, एवढी काय घाई असते? तुम्ही म्हणाले, "ताणून ठेवलेलं लाकूड थकते. माणूस झोपते, बैल बसते, मंग त्यानंच काऊन जागाव?" मी दहा वर्षांची असताना माझं छोटं धनुष्य तसंच चढवलेलं कोपऱ्यात विसरले. तुम्ही मारलं नाही. सकाळी हातात देऊन म्हणाले, मार. बाण पाच पावलांवर पडला. मला रडू आलं तर म्हणाले, "त्याची चूक नाई. तू झोपू नाई देल्लं त्याले." मारलं असतं तर बरं झालं असतं, एवढं ते लागलं.

मग सतराव्या वर्षी मला तिरंदाजी शिकवणाऱ्या सरांनी त्यांचं स्वतःचं कंपाउंड मला वापरायला दिलं. राज्याच्या संघासाठी वर्ध्यात निवड होती आणि मी निवडली जाणार, असं सर चारचौघांत बोलत होते. निवडीच्या दोन दिवस आधी मी ते घरी आणलं. तुम्ही अंगणात बाजेवर बसून त्याला उलटंपालटं करून पाहिलं. "बाप्पा! याले चाकं कायले? हे काय बैलबंडी आहे?" मी हसले. मग तुम्ही ते विचारलं जे विचारणारच होते. "दोरी नाई काढत का राती?" मी सांगितलं, याची दोरी रोज काढत नसतात, त्याला मशीन लागते, ते बारा महिने तसंच राहतं. जेवताना तुमचं लक्ष सारखं कोपऱ्याकडं जात होतं, तिथं ते ताणलेलं उभं होतं. घरात कोणी आजारी असल्यासारखं तुम्ही बघत होते.

निवडीच्या दिवशी तुम्ही सोबत आले. डोक्याला नवा दुपट्टा, हातात भाकरीची शिदोरी. पहिल्या सहा बाणांतच माझं बिनसलं. एक बाण वर, एक खाली, एक मधोमध, पुन्हा खाली. दुसऱ्या फेरीत तेच. तिसऱ्या फेरीनंतर मी मागं आले तेव्हा सर विचारत होते, काय झालं, काय झालं तुला? तुम्ही पुढं आले. मला धीर द्यायला आले होते, हे मला आता कळतं. तुम्ही म्हणाले, "घाबरू नको बाई. थकलं नसन ते. काल संध्याकाळी मी त्याले आराम देल्ला होता." कसा, ते सांगितलं. मुठीच्या वर आणि खाली धनुष्याची वाकणारी पाती आवळून धरणारे दोन मोठे बोल्ट असतात, ते तुम्ही धनुष्याच्या पिशवीतल्या चावीनं दोन दोन आटे सैल केले होते आणि सकाळी मी उठायच्या आधी परत दोन दोन आटे आवळले होते. दोरी काढता येत नाही तर निदान ताण तरी कमी करावा.

आणि मी ओरडले. ते शब्द मला लिहायचेच आहेत. "तुमच्याच हातानं माह्यं वाटोळं झालं! हात लावायले सांगतलं कोणी? हे तुमचं बांबूचं खेळणं नोहे!" सगळं मैदान वळून बघत होतं. सरसुद्धा हळू आवाजात म्हणाले, "असं करत नसतात भाऊ." तुम्ही सरांसमोर हात जोडले. माझ्या बापानं माझ्यादेखत, माझ्यामुळं, हात जोडले, "चुकलं साहेब, पोरीले काही बोलू नका," म्हणाले. मी खाली बघत उभी राहिले. माझं नाव यादीत आलं नाही. परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी जागा रिकामी होती, तरी तुम्ही आष्टीपर्यंत दांडा धरून उभे राहिले. भाकरी तशीच घरी आली.

त्यानंतर तुम्ही धनुष्य बनवलं नाही. लोक यायचे, तर म्हणायचे, आता मले नाई जमत, हात कापते. हात कुठं कापत होते? त्याच हातांनी तुम्ही वखराची दांडी एका दिवसात करून द्यायचे. चुलीवरची तुमची स्वतःची दोन धनुष्यं धुरानं काळी होऊन गेली, ती तुम्ही खाली काढली नाहीत. मी मात्र पुढं खेळले, दुसऱ्या धनुष्यावर, थोडंफार नाव केलं, आता दहा वर्षं शिकवते. तुम्ही गेले त्या आठवड्यात दवाखान्यातल्या खाटेवर मला विचारलं होतं, "बराबर लागते का आता?" मी म्हटलं, लागते बाबा. एवढंच म्हटलं. आणखी एक वाक्य जिभेवर होतं, ते मी गिळलं. याला बारा वर्षं झाली.

या उन्हाळ्यात सरांनी घर आवरलं आणि ते जुनं धनुष्य मला आणून दिलं. त्या दिवसानंतर त्यांनी ते कोणाला दिलंच नव्हतं, नाट लागलेलं समजून पिशवीत ठेवलं होतं. फळी मी त्याच्यासाठी बनवली बाबा. पोरांना सांगितलं त्यांच्यासाठी बनवते, खोटं सांगितलं. वीस वर्षांचं धनुष्य हातानं ताणायची हिंमत होत नव्हती, म्हणून विंच. खुंटाला मूठ अडकवली, बाजूला उभी राहिले आणि हँडल फिरवत गेले. वरचं चाक फिरून थांबलं. खालचं अजून दोन सूत मागं होतं. बोल्ट बघितले तर दोन्हींवर दाभणानं मारलेली केसाएवढी रेघ, आणि तिच्यासमोर पात्यावर तशीच दुसरी. तुम्ही खूण करून मग सैल केले होते, आणि दोन्ही रेघा समोरासमोर, बरोबर बसलेल्या. वर आणि खाली माप घेतलं, तर सारखं. तुमचा हात सुतभरही चुकला नव्हता. चुकली होती केबल, चाकांना जोडणारी दुसरी दोरी. एका बाजूची लांबली होती, तिचे धागे उसवलेले होते. पाती पूर्ण सैल करून मी तिला पीळ देऊन आखूड केलं, पुन्हा आवळलं, पुन्हा ताणलं. तिसऱ्या वेळी दोन्ही चाकं एकदम थांबली. मी तिथंच भुशात बसले आणि पोटभर रडले. "बाबा, तुमची चूक नव्हती," असं म्हणायला मला इतकी वर्षं लागली, तेही टिनाच्या शेडला.

कोणी म्हणेल केबल पिशवीत पडून लांबली असेल. पण मला त्याचा आडोसा घेता येत नाही, कारण मला दुसरंही माहीत आहे. बोल्ट सैल राहिले असते तर सगळे बाण एकत्र खाली पडले असते. ते वर-खाली पडत नाहीत. हे मी दरवर्षी नव्या पोरांना पहिल्या महिन्यात शिकवते, खडूनं फळ्यावर काढून. म्हणजे दहा वर्षं मी दरवर्षी तुम्हाला निर्दोष ठरवत होते आणि स्वतःला ऐकू येऊ देत नव्हते. आणि त्याच्याही मागचं सांगते. निवडीच्या पंधरा दिवस आधीपासूनच माझे बाण वर-खाली जात होते. सरांनी बजावलं होतं, "केबल उसवलीय, नागपूरहून नवी येईस्तोवर माझं दुसरं धनुष्य घे." मला त्या धनुष्याची मूठ आवडत नव्हती. मी म्हटलं, मी बघून घेतलं सर, ठीक आहे. बघितलं नव्हतं. मैदानावर तिसऱ्या फेरीत मला पक्कं कळलं होतं काय झालंय ते. सर समोर उभे, आता खोटं उघडं पडणार, आणि तेवढ्यात तुम्ही आले, बिचारे, स्वतःच्या तोंडानं सांगत की मी बोल्टांना हात लावला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मी तर अंगणाला चारचौघांत शिव्या घातल्या.

सरांना मी परवा फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "त्यांनी हात जोडले होते गं." फोन त्यांनीच ठेवला.

मायला सांगायचं राहिलंय. ती हल्ली माझ्याकडेच असते. कोणी शेजारीण आली, पोरं ट्रॉफी घेऊन आली, की तिचं ठरलेलं वाक्य असतं: "माही पोरगी लय पुढं गेली असती. त्याईनं मायेनंच केलतं, पण पोरीचं नुकसान झालं ना." आज सकाळीही म्हणाली, दूधवाल्याला. मी चहा घेत होते. मी चहा घेतला.

आत्ता ती माझ्यासमोर बसून मेथी निवडते आहे. मघाशी विचारलं तिनं, "काय लिहून राह्यली व एवढं?" मी म्हटलं, पोराईचा स्कोअर. तिनं मान हलवली, कागदाकडं बघितलं आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. तिला वाचता येत नाही बाबा. म्हणूनच मी तिच्यासमोर बसून लिहू शकले.