फोटोतली बाई

प्रसेनजीतदादा,

हे तुला पाठवेन असं वाटत नाही. आपण संस्थेतर्फे चाकांची खुर्ची देणार होतो त्या पारूबाई फोटोला ठेवणीतलं इरकल नेसून हसत बसल्या. असल्या फोटोला मदत कोण देणार, म्हणून तू एआयकडून चिखलात सरपटणारी, रडणारी बाई करून घेतलीस आणि पारूबाईंच्या नावानं फेसबुकवर टाकलीस. मीही गप्प बसले.

सोमवारी खुर्ची घेऊन गेले, तेव्हा माझ्या मोबाईलवर त्यांना तो फोटो दिसला. वाचता येत नाही त्यांना. बराच वेळ बघून म्हणाल्या, "आगं, मला कुबड्या तरी हायत. खुर्ची आधी हिला दे की!"

दादा, मी तिथंच त्यांच्या पायाशी बसले. अशी बाईच नाही, हे सांगायला जीभ रेटेना.

परत आणलेली खुर्ची ऑफिसात पडून आहे. पारूबाई रोज फोन करतात, "घावली का गं ती बाई?"

तुझी,
संघप्रिया