पाटकऱ्याची लेक, परमुलखात

आबा, मी आफ्रिकेला जाऊन आले. घाबरू नका, वाघ-सिंह काही दिसले नाहीत. तुमचा नातू नोकरीसाठी मोरोक्कोत असतो, त्याच्याकडे महिनाभर राहिले. एका रविवारी तो आणि सूनबाई मला डोंगरातल्या एका नदीच्या खोऱ्यात घेऊन गेले. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. वर बर्फाचे डोंगर, खाली नदी आणि दोन्ही अंगांना बर्बर लोकांची गावं. बर्बर म्हणजे तिथले मूळचे डोंगरी लोक. घरं दिसली आणि मी गाडीतच ओरडले, "अरे, ही तर आपली धाब्याची घरं!" तीच सपाट मातीची छपरं, वर वाळत घातलेली कणसं. सून म्हणाली, "आई, एवढ्या लांब येऊन तुम्हाला माहेरचं साक्रीच दिसतंय." दिसणारच.

मुलं धबधबा बघायला वर गेली. माझ्या गुडघ्यांनी नाही म्हटलं, म्हणून मी गाडीवाल्यासोबत खाली पाटाच्या कडेला बसले. थोड्या अंतरावर पाट फुटलेला दिसला, पाणी कांद्याच्या वाफ्यात शिरत होतं. माझे हात शिवशिवले. पदर खोचला, चार दगड लावले, वर चिखल थापला आणि तोंड बंद केलं. तेवढ्यात वरून एक म्हातारा खोरं घेऊन ओरडत आला. पाट फुटला नव्हता, त्यानंच फोडला होता. त्याची पाण्याची पाळी चालू होती आणि ते पाणी मी तोडलं होतं! पांझरा नदीवरच्या आपल्या फडात, पाळीच्या पाण्यावरच्या त्या शेतांत, एवढ्यावर डोकी फुटली असती. "जेनी पाळी, तेनंच पाणी," हे तुमच्या तोंडून हजारदा ऐकलेली मी, परमुलखात जाऊन हा पराक्रम केला. मी दोन्ही कान धरले. तो क्षणभर बघत राहिला आणि मग इतका हसला, की खोऱ्यावरच रेलला.

त्यानं पाट पुन्हा फोडला आणि आम्हाला अंगणात नेऊन पुदिन्याचा चहा दिला. मुलंही तोवर खाली आली. म्हाताऱ्यानं गाडीवाल्याला काहीतरी विचारलं, गाडीवाल्यानं ते इंग्रजीत सांगितलं: "बाईंनी पाटाचं तोंड फार चांगलं बंद केलं होतं. त्यांना हे कुणी शिकवलं?"

आबा, धुळ्याला मी शिकवायचे त्या शाळेत तुम्ही वांग्यांची पिशवी घेऊन आला होतात, तो दिवस आठवला. पाटाचं पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याला पगार नसतो, गाव सुगीला धान्य घालतं, याची मला तेव्हा लाज वाटायची. म्हणून शाळेत सांगून ठेवलं होतं, वडील पाटबंधारे खात्यात होते. माझ्यासोबतच्या मराठीच्या बाईंनी तुम्हाला सरळ विचारलं, "कुठल्या ऑफिसला होतात?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "पोर सांगस तेच खरं शे." पाणी प्यायलात आणि साक्रीच्या एसटीला गेलात. दुधाचं भांडं लवंडलं तर घर डोक्यावर घेणारे तुम्ही, यावर कधी अवाक्षर काढलं नाहीत. दोन शिव्या दिल्या असत्यात तर बरं झालं असतं.

मी म्हणाले, "माझे वडील पाटकरी होते. गावाला पाळीनं पाणी द्यायचे. आमचं शेत सगळ्यांत शेवटी भिजायचं." गाडीवाल्यानं सांगितलं. म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवला आणि माझा ग्लास पुन्हा भरला. पण मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. "आई, आजोबा पाटबंधारे खात्यात होते ना?"

बघा, शाळेत मारलेली थाप मी पोटच्या पोरालाही पाजली होती. "नव्हते रे," मी म्हणाले. "मी खोटं सांगितलं होतं." मग परतीच्या वाटेवर तो शहर येईपर्यंत तुमच्याबद्दलच विचारत राहिला. पाळी कशी ठरायची, भांडायला कोण यायचं, तुम्ही कुणाला कसं गप्प करायचात. मी सांगत सुटले. फार बरं वाटलं, आबा. इतकं मोकळं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तुम्ही तर गेलात, हे पत्र कुठं टाकणार? वहीतच राहील. एक कबूल करते. मराठीच्या त्या बाई आता आमच्याच कॉलनीत राहतात, रोज सकाळी आम्ही दोघी फिरायला जातो. त्यांना मी बर्फ सांगितला, पुदिन्याचा चहा सांगितला, कान धरलेलेही सांगितले. तुमचं मात्र अजून सांगितलेलं नाही.