दोघांचंही चालू आहे

नीउ-व्हेनेप
८ जानेवारी २००६

ती. बाबा,

साष्टांग नमस्कार. तुमचं पाकीट मंगळवारी मिळालं. आईंचे गुडघे आणि तुमचा खोकला आता बरे असतील असं धरून चालते. इथे थंडी मरणाची, बाकी ठीक. आसावरी पुण्याहून आल्यापासून खोलीतून निघताना दिवा बंद करते, मी आत बसलेली असले तरी. रागावलं तर डचमध्ये ऐकवते, "आजोबांनी सांगितलंय."

तुम्ही लिहून पाठवलेला तक्रारअर्ज वाचला. आम्हाला स्की शिकवणाऱ्या मार्टिननं हलगर्जीपणा केला, त्याचा परवाना रद्द व्हावा, आणि खाली माझ्या सहीला जागा. तुमचा प्रश्न रास्तच आहे. अंगावर यंत्र असताना गंधार सापडायला पन्नास मिनिटं का लागली?

सांगते. आखलेल्या वाटा सोडून डोंगरात स्की करायची, तर आधी गाडलेला माणूस शोधायला शिकवतात. इथे डोंगर कुठले, म्हणून मार्टिन आम्हाला झांडफोर्टच्या समुद्रावर न्यायचा. प्रत्येकाच्या छातीशी एक यंत्र बांधलेलं, ते सारखं खूण पाठवत राहतं. कुणी बर्फाखाली गेलं, की बाकीच्यांनी आपलं यंत्र शोधावर लावायचं. गंधार सरावाचं यंत्र तुमच्याकडून आणलेल्या श्रीखंडाच्या डब्यात घालून वाळूत पुरायचा. मी चार मिनिटांत काढायचे. "हिच्यापासून काही लपवायची सोय नाही," असं सगळ्यांना सांगायचा.

मार्टिनचा पहिला नियम एकच होता. सकाळी चालू केलेलं यंत्र संध्याकाळी परत येईपर्यंत बंद करायचं नाही, जेवतानासुद्धा नाही.

त्या दुपारी ऑस्ट्रियात डोंगरातल्या एका खानावळीत आम्ही सूप प्यायला थांबलो. आत उकडत होतं. गंधारनं जाकीट आणि यंत्र काढून बाकावर ठेवलं आणि हात धुवायला गेला. यंत्राचा दिवा लुकलुकत होता. मी ते बंद केलं. उगाच बॅटरी कशाला जाळायची, एवढंच मनात आलं. मग गप्पांत विसरले. निघताना मार्टिननं एकेकाला विचारलं. गंधार खाली वाकून बूट आवळत होता, म्हणून त्याच्या वतीनं मीच म्हणाले, "दोघांचंही चालू आहे."

बाबा, एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

उतारावरचा बर्फ सुटला आणि गंधार त्याखाली गेला. आम्ही सहाजण यंत्रं घेऊन धावलो. एकावरही काही येईना, तेव्हा मला आठवलं. तिथल्या तिथे बोलले असते तर त्यांनी लगेच लांब सळ्या खुपसून शोधायला घेतलं असतं. पहिली पंधरा मिनिटं काय ती हातात असतात, हे मला तोंडपाठ होतं. मी बोलले नाही. यंत्र पुढे धरून शोधण्याचं सोंग करत राहिले. दहा मिनिटं असतील. नवरा बर्फाखाली होता आणि मला लाज वाटत होती.

शेवटी मार्टिनला सांगितलं. त्यानं ते आजवर कुणाजवळ काढलेलं नाही. सगळे त्यालाच बोल लावतात, तो मान खाली घालून ऐकून घेतो. त्याचं घर ह्या शिकवण्यावर चालतं.

अर्ज सही न करता परत पाठवते आहे. त्याच्या जागी हे पत्र ठेवा, कुणालाही दाखवा. आईंना तुम्हीच सांगा, फोनवर माझ्यानं होणार नाही. फेब्रुवारीत वर्षश्राद्धाला आसावरीला शेजारच्या सुनेत्राबरोबर नक्की पाठवते, ती पुण्यालाच निघाली आहे. मी यायचं की नाही ते तुम्ही कळवा. नको म्हणालात तर का म्हणून विचारणार नाही.

परवा दिवा बंद केला म्हणून आसावरीला फार ओरडले. रडत झोपली पोर. तिचं काही चुकलं नव्हतं. तुमचंही नाही बाबा, मलाही ती तुमच्याच घरात लागली, सवय चांगलीच आहे ती.

खाली "तुमची सून" लिहायला हात उचलत नाही.

नुसतीच,
संहिता