हिमालयाच्या लहरी आन नानाजींचं लुगडं

नागपूर,
१२ डिसेंबर १९७९

श्रीयुत नत्थूजी यांस उमरेड मुक्कामी, तुमच्या बहिणीचा नवरा केशव याचा वाकून रामराम. वहिनीचे गुडघे कसे आहेत? तुमच्या नीलाच्या लग्नाची तयारी कुठवर आली? (फार घाई करू नका. काहून, ते खाली समजन.)

इकडे सगळे खुशाल, मीच तेवढा मरता मरता वाचलो. तुमाले ठाऊकच आहे, हवामानाच्या हापिसात मी बारा वर्षं फुगे फुगवले. (हसू नका. त्या फुग्याले यंत्र बांधून आभाळात सोडणं सरकारी काम आहे.) दोन वर्षांखाली बढती भेटली आन मले उपग्रहाच्या फोटोवर बसवलं. उपग्रह डोक्यावरून गेला की मशीनमधून ओला फोटो निघते, तो मी पुसून वाळवतो. मागच्या सोमवारी पाहतो तं काय, हिमालयाच्या पलीकडे ढगांत पट्टेच पट्टे! सारवलेल्या अंगणात बोटं उमटावी तसे, सारख्या अंतरावर. आमचे साहेब मधुकरराव (आमच्या शेजारीच राहतात, माणूस मोठा भडक डोक्याचा) म्हणे, हे तुमच्या टॉवेलचे पट्टे. शुक्रवारी दिल्लीचे साहेब येऊन राहिले, त्यायच्यापुढे असा फोटो गेला तं तुमी परत फुग्यावर. नत्थूजी, नातवंडं व्हायच्या वयात फुगे! मले रडूच आलं.

पण आपण कोष्ट्याचे पोरं. मी मागावर कधी बसलो नाही, तरी बापाच्या शिव्या खाऊन एवढं समजते, की धागे ओवतात त्या फणीचा दात वाकला तं प्रत्येक लुगड्यात दोष काठापासून त्याच जागी येते. मशीनचं, टॉवेलचंही तसंच असन ना! मी चार दिवसांचे फोटो मांडले. उपग्रह रोज थोडा सरकून जाते, म्हणून हिमालय कागदावर कधी मधात, कधी कडेले. आन पट्टे? जिथं हिमालय तिथं पट्टे! टॉवेलले भूगोल येते का, तुमीच सांगा. पण कारकुनाचं तोंडी कोण ऐकते? म्हणून शुक्रवारी आमच्या चंद्रकलेच्या पेटीतलं तुमच्या बाबाचं, नानाजींचं लुगडं गुपचूप पिशवीत घातलं. तेच हिरवं, त्यायनं नजर गेल्यावर विणलेलं शेवटचं, वाकल्या दाताची रेघ असलेलं. नीलाच्या लग्नात नेसाचं म्हणून ती त्याले कोणाचा हात लागू देत नाही.

दिल्लीच्या साहेबापुढे टेबलावर पसरलं. काठापासून चार बोटांवर दोष, हात-हात अंतरावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. (मले ती रेघ सलग आठवत होती, पण वेळेवर कोण मोजते?) म्हटलं, साहेब, मागाचा दोष काठ सोडत नाही, आन हे पट्टे पहाड सोडत नाहीत. साहेब खुर्चीतून उठलाच! म्हणे, वारा पहाडाले धडकला की उसळते, आन त्याची लहर चढत चढत पार स्थितांबरात जाते. तिथं ढग नाहीत म्हणून फोटोत दिसत नाही, पण आता नवे उपग्रह तिथल्या हवेची गर्मी मोजून तिले शोधून राहिले. मधुकररावाचं तोंड एवढंसं झालं. माझी खुर्ची वाचली.

मंग साहेब लुगड्यावरून हात फिरवत म्हणे, बहोत बढिया. आता सासरच्या मालाची तारीफ झाल्यावर नागपूरचा माणूस काय म्हणन? म्हटलं, घेऊन जा ना, बाईसाहेबांसाठी. आन तो बेशरम खरंच घेऊन गेला!

असो. लेकरांना आशीर्वाद, वहिनीले नमस्कार.

तुमचाच,
केशव

ता. क. तुमी कोळशाच्या खाणीत नोकरीले लागले, तरी माग अजून उभा आहे ना? लग्नाच्या आत तसंच एक विणून द्या. फणीचा दात सरळ केला असन तं परत वाकवा. चंद्रकलेले सांगू नका. बाबाची शेवटची आठवण गेली समजलं तं ती मले जित्ता सोडणार नाही. आन खरं सांगू, मले स्वतःलेच लई लाज वाटून राहिली.

आणखी ता. क. भाऊ, मी चंद्रकला. पत्र चिकटवाले यायनं माझ्याच हाती दिलं. बाबाचं लुगडं पेटीच्या तळाशी सुखरूप आहे. यायनं नेलं ते वरचं, तसंच हिरवं, मधुकररावाच्या बायकोचं, कुसुमताईचं. घडी घातलेलं लुगडं उंदरानं एका जागी कुरतडलं, म्हणून उलगडल्यावर हात-हात अंतरावर भोकं निघाली, ते मी रफू करून ठेवलं होतं. माग सुरू कर भाऊ, पण तिच्यासाठी. ती रविवारी लुगडं घ्याले येऊन राहिली. दात वाकवू नको.