बिराप्पांचा धूर

१ जुलै
आले एकदाची! भालकीहून बस, पुढं बिराप्पांची मोटारसायकल. जंगलाला लागून त्यांचं शेत, शेतात कोकरांची जुनी खोली. तीच माझी प्रयोगशाळा अन् तिथंच माझी खाट. पालापाचोळ्यात उगवणाऱ्या अळंब्यांचे बीजाणू, म्हणजे त्यांचं डोळ्याला न दिसणारं बी, किती उबेला, किती ओलाव्याला रुजतं ते बघायचं. महिन्यात रुजलं तर नोकरी पक्की, न्हाईतर परत उदगीर. काचेच्या चाळीस बश्या मांडल्या. बाणूबाईंनी, म्हणजे बिराप्पांच्या बायकोनं, भाकरी अन् शेंगाची चटणी दिली. लई बरं वाटलं.

९ जुलै
एकही बशी रुजली न्हाई. ऊब बदलली, पाणी बदललं, पाला बदलला. बिराप्पा मात्र रोज दिवस मावळताना गवरीवर ओला कडुलिंब टाकून खोलीत धूर करतात. कोकरं कधीच दुसरीकडं नेलीत, मग कामून? विचारलं तर म्हणे, आमची रीत हाय. मला काय दूधखुळी समजतात?

१४ जुलै
धुरानंच बीजाणू मरायलेत! माझ्या आधीचे अनिलकुमार पंधरा दिवसांत पळाले, ते यांच्यामुळंच. हे काम इथनं उठवायचंय यांना, शंकाच नको. आज कुलूप बदललं. बिराप्पा दाराबाहेर उभे राहून एवढंच बोलले, "अक्का, धूर राहू द्या. बिनधुराचं कोकरू खोकून मरतंय इथं." मी दार लावून घेतलं.

१६ जुलै
रुजले! चाळीसच्या चाळीस! साहेबांना फोटो पाठवले. जरा खोकला आहे.

१८ जुलै
मुद्दाम कोरड्या ठेवलेल्या नव्या बश्याही रुजल्या. पाणी कोण घालतंय? कुलूप शाबूत, किल्ली माझ्या गळ्यात. दिवसभर बिराप्पांवर नजर ठेवली. ते मेंढ्यांमागंच होते.

१९ जुलै
उशीवर पांढरं जाळं — तोंड असतं तिथंच. खोकल्यातून तपकिरी भुकटी पडली. सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बीजाणू. भीती वाटायलीय. सकाळी दवाखान्यात—

२० जुलै
गेले न्हाई. उजेडात छाती आवळते. बिराप्पा दार वाजवायलेत, हातात धुमसती गवरी. चुकले मी, उघडायला पाहिजे — पाय उठत न्हाईत. उठवायचेच न्हाईत.

२१ जुलै
ऊब सदतीस. ओलावा भरपूर. रुजवण उत्तम.
बिराप्पा गवरी खाली ठेवून पहारीनं दार तोडायलेत. येऊ द्या — त्यांचीही ऊब सदतीसच. आम्हाला—