नावानं लोहगड, अंगानं विसापूर

आबा,

झालं ते आधी क्रमानं लिहिते. आमच्याकडे अहवाल असाच लिहायची सवय लागली आहे.

१. युद्धाच्या शेवटच्या पावसाळ्यात, श्रावणातल्या एका दुपारी, कुरवंड्याच्या माळावर आमचा रडारचा संच चालू होता.
२. जखमी सैनिकांना घेऊन पुण्याला निघालेलं एक विमान कोकणाकडून घाटावर येत होतं. ढगांमुळे वैमानिकाला खालचं काही दिसत नव्हतं.
३. आमचा संच त्याची दिशा चुकीची दाखवणार होता. हे मला कळलं.
४. मी संच बंद करायला लावला, दुरुस्त केला आणि पुन्हा चालू केला.
५. विमान पुण्याला सुखरूप उतरलं.

अहवाल म्हणून एवढं पुरे. पण तुम्ही गेलात तेव्हा रडार हा शब्द आपल्याकडे कुणी ऐकलेला नव्हता, म्हणून थोडं सांगायला हवं. विजेच्या लाटा हवेत सोडायच्या. वाटेत डोंगर असो की विमान, त्यावर आपटून त्या परत येतात, आणि अंधाऱ्या खोलीतल्या काचेवर हिरवट ठसा उमटतो. त्यावरून ती वस्तू किती लांब आणि कोणत्या दिशेला आहे ते समजतं. आम्ही त्यावर विमानं शोधायचो आणि ढगात चुकलेल्यांना वाट सांगायचो. हे घरी सांगायची मनाई होती. आईला मी टपाल खात्यासारखं काहीतरी सांगितलं होतं. कुरवंड्याच्या लोकांनी मात्र आपला शोध आपणच लावला. माळावर आमची लोखंडी जाळी दिवसभर गोल फिरायची. आम्हाला दूध घालणाऱ्या मावशींनी एकदा तिच्याकडे बोट करून मला सुनावलं, "ह्ये चाक फिरवून तुमी ढग वढून आणताय, समदं गाव म्हनतंय. भातं कुजाया लागली, बाई. दोन दिस उलटं फिरवा की." मी म्हटलं, साहेबांना विचारते. त्या म्हणाल्या, "इचार. आन न्हाई म्हनला तर दूध बंद म्हनावं."

तुमचं रेल्वेचं वीजघर मला आजही जसंच्या तसं दिसतं. लोणावळ्याच्या स्टेशनापलीकडची ती लांबट इमारत, आत तेलाचा वास, आणि घाट चढणारी गाडी आली की भिंतीतून येणारा जाड गुणगुणाट. मी डबा घेऊन येते. तुम्ही खटक्यांच्या फळीजवळ उभे आहात, उजव्या हातात पाना, डावा हात पाठीला. सगळं बंद आहे हे मला माहीत आहे, म्हणून मी पुढे होते आणि चकचकीत पितळी पट्टीला दोन्ही हात लावते. तुम्ही माझ्या मनगटावर असा फटका मारता की डबा खाली पडतो. नंतर त्याच भाकरीवरची माती झटकून खाता खाता तुम्ही म्हणालात, "ईज एका हातानं शिरली की दुसऱ्या हातानं भाईर पडाया बघती, आन ती वाट काळजातनं जाती. डावा हात पाठीला. बंद असली तरी. चालू ईज गुणगुणती तरी, बंद केल्याली मुकी असती. मुकीला भ्यायचं." मी रडले नाही. तुम्हाला वाटलं असेल मी रुसले. मी शिकत होते. त्या महिन्यात मी चुलीपाशीही डावा हात पाठीला ठेवून बसायची, आणि आई तुम्हाला ऐकू जाईल अशी विचारायची, "हिनं हात गहाण टाकलाय व्हय कुटं?"

त्यानंतर दोन पावसाळ्यांनी तुम्ही तापानं गेलात. मी पुण्याला मामांकडे राहून विज्ञान शिकले आणि लष्कराने बायकांची भरती सुरू केल्यावर तिथे गेले. तंत्रज्ञाच्या वर्गात आम्ही चौघीच बायका, खाकी साड्या नेसलेल्या. पहिल्याच दिवशी शिकवणारा गोरा सार्जंट म्हणाला, उच्च दाबाच्या भागाजवळ काम करताना डावा हात खिशात. मग त्याचं लक्ष आमच्या साड्यांकडे गेलं. साडीला खिसा नसतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. सगळे हसले. माझा हात पाठीलाच होता. त्याने विचारलं, हे कुठे शिकलात? मी म्हटलं, लोणावळ्याच्या वीजघरात, वडिलांकडे. "असंच करा सगळ्यांनी," तो म्हणाला, आणि पुढच्या धड्याकडे वळला. मला तेवढं पुरेसं होतं.

परीक्षेत मी पहिली आले, पण माळावर आल्यावर त्याचा उपयोग होईना. संच उघडायचा तर शेजारी पुरुष तंत्रज्ञ हवा, अशी अट फक्त आम्हा बायकांना होती. बाकीच्या तिघी कंटाळून दुसरीकडे गेल्या. आमचे प्रमुख इंग्रज होते, वागायला सरळ. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की पावसाळा संपेपर्यंत एकटीने काम करायची परवानगी वरून आली नाही, तर मला पुण्याच्या कचेरीत टाइपिंगला जावं लागेल. मला टाइपिंग येतं. मला ते नको होतं.

त्या आठवड्यात वादळामुळे आमची जाळी खाली काढून पुन्हा चढवावी लागली होती. चढवल्यावर दिशा नीट लावायची म्हणजे एखादा ओळखीचा डोंगर काचेवर शोधायचा आणि त्याची नकाशातली दिशा संचाच्या दिशा दाखवणाऱ्या काट्याला द्यायची. बाहेर ढग, डोळ्यांनी काही दिसत नाही. ज्या कॉर्पोरलने हे केलं त्याने नकाशा पाहिला, त्यावर लोहगड ठळक अक्षरात छापलेला, आणि काचेवरचा सगळ्यात मोठा ठसा लोहगड म्हणून धरला. मी त्या दुपारी पाळीवर आले तेव्हा ठशाचं अंतर मला पटेना. लोहगड इतका लांब नाही. शिवाय त्याच्या उजवीकडे, जिथे नकाशात पवनेचं मोकळं खोरं आहे, तिथे आणखी एक ठसा होता. कॉर्पोरलने तो पावसाच्या खात्यात टाकला होता. पण पाऊस सरकतो. हा हलत नव्हता. मग मला उमगलं. लोहगड नावानं मोठा. अंगानं मोठा त्याच्या शेजारचा विसापूर, आणि आमच्या माळावरून तो डावीकडे आणि पलीकडे. आमचा काटा सात अंशांनी चुकला होता. विमान इंद्रायणीच्या रुंद खोऱ्यावर असताना आम्हाला ते पवनेकडे दिसणार, आम्ही त्याला डावीकडे वळवणार, आणि डावीकडे आंदर मावळचे डोंगर. मी हे बोलत असतानाच पुण्याहून फोन आला: एक विमान तुमच्याकडे येतंय, जखमी आहेत, इंधन कमी आहे, वाट द्या.

कॉर्पोरलने अंतर मोजलं, पुन्हा मोजलं आणि म्हणाला, "तिचं बरोबर आहे." तो प्रामाणिक माणूस होता. पण त्याच्या उजव्या हाताला पट्टी होती. जाळी चढवताना बोटं चेंगरली होती. जाळी आणि काटा जोडणारा सांधा उच्च दाबाच्या कपाटामागे, पाळीवर तिसरा तंत्रज्ञ नाही, म्हणून तिथवर जाऊ शकणारी मीच होते. प्रमुखांनी विचारलं, "आकडा मनात वजा करून चालवलं तर?"

"चालेल," मी म्हणाले, "पण एकदा जरी वजा करायचं विसरलो, तर विमान डोंगरावर जाईल. संच बंद करा. विमान अजून समुद्राकडे आहे."

काचेसमोर बसून ठसे वाचणारी माझी मैत्रीण, तळेगावच्या एका मास्तरांची मुलगी, मराठीत कुजबुजली, "अगं, बंद केलास आणि परत लागलाच नाही तर?"

"तर तुला बसल्या बसल्या झोप घेता येईल."

"मेले, थट्टा सुचते तुला?"

प्रमुख म्हणाले, "बंद करा."

गुणगुण थांबली. खोली मुकी झाली. घाई होती, तरी मी आधी लाकडी दांड्याची तार टेकवून कपाटात उरलेली वीज जमिनीला दिली; फाडकन ठिणगी उडाली आणि दारातला कॉर्पोरल मागे सरला. मग पदर खोचला, डावा हात पाठीला घेतला आणि आत गेले. सांधा सैल केला, बंद करतानाच विसापूरवर थांबवलेली जाळी तशीच ठेवून काटा विसापूरच्या खऱ्या दिशेला आणला, सांधा आवळला. सगळं एका हाताने. हे मी गर्वाने लिहिते आहे, तसंच वाचा.

संच लागला. मोठा ठसा आपल्या जागी, त्याच्या उजवीकडे धाकटा लोहगड आपल्या जागी. आणि थोड्या वेळाने पश्चिमेकडून एक नवा, बारीक, सरकणारा ठसा. माझ्या मैत्रिणीने दिशा वाचायला सुरुवात केली, प्रमुख त्या वैमानिकाला सांगत राहिले. विमान आमच्या डोक्यावरून गेलं. पत्र्यावरच्या पावसातूनही त्याची घरघर ऐकू आली. कामशेतच्या पुढे त्याला ढगांखाली यायला सांगितलं. मग वैमानिकाचा आवाज, अगदी साधा: "खाली रूळ दिसतायत." पुण्यापर्यंत त्याला आमची गरज उरली नव्हती. तो तुमच्या रेल्वेच्या रुळांच्या बाजूबाजूने गेला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रमुखांनी चहा मागवला आणि तो येईपर्यंत स्वतःच्या सहीने परवानगी लिहून मला दिली: संच एकटीने उघडायला हरकत नाही. वरून यायची ती मंजुरी महिन्याने आली, तोवर मी तो कितीदा तरी उघडला होता. संध्याकाळी मी ढगातून चालत निघाले, मावशी वाटेत भेटल्या. म्हणाल्या, "आज चाक थांबलंवतं. मी बगितलं. आमचं ऐकलं वाटतं सायबानं." मी म्हटलं, व्हय, ऐकलं. आबा, त्या वाटेवर माझ्याएवढं सुखी माणूस अख्ख्या मावळात नव्हतं.

आता बायकांची तुकडी मोडली आहे. बहुतेकींना घरी पाठवलं. मला मात्र कराचीच्या विमानतळावर, साध्या प्रवासी विमानांच्या कामावर, तंत्रज्ञ म्हणून बोलावणं आलं आहे. एकटीने राहावं लागेल. मनाई उठल्यावर मी आईला सगळं सांगितलं, विमानाचं, कपाटाचं, कराचीचं. ती तांदूळ निवडत होती. एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मला काय इचारती? ज्यांनी नादाला लावली त्यास्नी इचार." टोमणा होता. पण तिचा शब्द मी मोडत नाही, म्हणून विचारते आहे.

हे पत्र टपालात पडणार नाही, हे तुम्हाला सांगायला नको. आणि एक गोष्ट आईलाही सांगितलेली नाही: होकाराची तार मी काल सकाळीच केली. मी सोमवारच्या गाडीने निघते.

तरीही, तुमची काही हरकत असेल तर रविवारपर्यंत कळवावे.