नवऱ्याच्या गैरहजेरीमुळे माझे नाव कमी केल्याबाबत

सोबत जोडले आहे (आधीच जोडते, शेवटचे पान कोणी उलटत नाही):
एक निळे कार्ड, एकोणनव्वद शिक्के.
कारखान्याच्या फाटकावरची उशीर-चिठ्ठी.
एका खोलीचा फोटो. दारावर 'स्त्रिया', आत झाडू आणि मोडके पंखे.
एकाच माणसाच्या सह्या, दर वेळी वेगळ्या.

प्रति,
मा. अधीक्षक,
व्यसनमुक्ती उपचार केंद्र

विषय: हजेरीवहीत माझे नाव पुन्हा लावणे.
संदर्भ: खिडकीवरच्या कारकुनांचा तोंडी नकार, गेला सोमवार.

महोदय,

मी कारखान्यात शर्टाच्या कॉलर शिवते. पाळी आठला लागते. तीन महिने रोज त्याआधी आपल्याकडे येऊन औषध घेतले.

१. स्त्री रुग्णाला औषध देताना पालकाची सही लागते, पुरुषाला लागत नाही, असा आपला नियम आहे. माझे पालक म्हणून नवऱ्याची नोंद झाली. ते याच केंद्राचे रुग्ण. रांगेत माझ्यापुढे उभे राहून स्वतःचे औषध घेत आणि बाजूला सरून माझे पालक होत. यात कोणाला वावगे वाटले नाही. मलाही वाटले नाही, ही चूक कबूल करते.

२. गेल्या रविवारी त्यांनी उपचार सोडले. सोमवारी मी एकटी आले. कारकून म्हणाले, "बाई, घरचं माणूस कुठंय?" म्हटले, शुद्धीवर नाही. म्हणाले, "सहीपुरतं उठवून आणा." मी उठवले नाही. 'पालक गैरहजर' असा शेरा मारून माझे नाव कमी झाले.

३. सहीसाठी सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "माझा पोरगा बिघडला संगतीनं. तू बिघडलीस आपल्या गुणांनी." मी सकाळी जादा पाळीला जाते, असे त्यांनी शेजारी सांगून ठेवले आहे. भाऊ म्हणाला, "माझं नाव कुठं लिहू नकोस." राहिली मुलगी. ती सात वर्षांची आहे. तिची सही या सर्वांपेक्षा नीटस आहे.

४. 'स्त्रिया उपचाराला प्रतिसाद देत नाहीत' असे आपल्या फलकावर लिहिले आहे. महोदय, आमची खोली झाडूंना दिली. मुलांना आत घेत नाहीत, आणि घरी ठेवायला घरात शुद्धीतले माणूस लागते. प्रतिसाद हवा तर आधी हाक मारावी लागते.

५. आज औषधाविना सहावा दिवस. शिवण वाकडी जाते. शेजारच्या मशीनवरची बाई काही न विचारता उसवून देते. नवऱ्याच्या नशेच्या गोळ्या घरात हाताच्या अंतरावर आहेत. मी एकही घेतलेली नाही. हवी ती तपासणी करा.

सोमवारी सव्वासातला मी रांगेत उभी असेन. पालकाच्या रकान्यात माझी मीच सही करीन. मी चौतीस वर्षांची आहे. औषध नाकारायचे असल्यास कारण लेखी द्यावे, आणि त्याखाली आपल्या पालकांची सही आणावी.

आपली, नम्र नसली तरी वेळेवर येणारी,
कार्ड क्रमांक एकशे बारा
(सही)
शनिवार

पहिली गोळी मला नवऱ्यानेच आणून दिली होती, बाळंतपणानंतर कंबर धरली म्हणून.